‘आपल्याकडे बंदुकाच नव्हत्या’ म्हणे! म्युझियमवाल्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

सध्या ठाण्यात सोसायटीच्या ग्रुपवर, ट्रेकच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, अगदी घोडबंदर रोडचं ट्रॅफिक कळवायला काढलेल्या ग्रुपवरसुद्धा एकच फॉरवर्ड फिरतोय. काचेमागच्या बंदुकांचे चार फोटो, त्याखाली ‘म्युझियम तुम्हाला हे कधीच सांगणार नाही’ आणि मग सात मुद्दे. ज्यांच्यापर्यंत पोचला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: बाबर येईपर्यंत भारतात कुणाला बंदुकीची दारूच माहीत नव्हती. आपल्या बंदुका वातीच्या, एक बार भरायला पाच मिनिटं, इंग्रजांसारखी बंदूक आपल्याला कधी करताच आली नाही. मराठे तलवार-भाल्यावरच लढले. म्हणून आपण हरलो. 1857 ची चरबीवाली एनफिल्ड म्हणजेच थ्री नॉट थ्री, आणि तीच दीडशे वर्षं जुनी बंदूक 26/11 ला पोलिसांच्या हातात होती. थ्री नॉट थ्रीची गोळी दोन मैल जाते आणि ओळीत उभी दहा माणसं भेदते. आणि शेवटी, म्युझियममधल्या बंदुका नकली आहेत, खऱ्या लंडनला गेल्या, शिवाय काहींमधे अजून बार भरलेला आहे.

शेवटच्या मुद्द्यावर मी हसलोच. नकली पण भरलेली!

पण बाकीचे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत, कारण लोक ते मनापासून खरं मानून पुढे ढकलतायत, आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी तर ‘मुलांना आवर्जून वाचायला द्या’ असं वर लिहून पाठवलं. काका, राग मानू नका, पण मुलांना द्यायच्या आधी हे एवढं वाचा.

बाबरापासून सुरू करू. यात अर्धं खरं आहे म्हणून ते पटकन गळी उतरतं. 1526 ला पानिपतावर बाबराकडे तोफा होत्या, तोड्याच्या (म्हणजे पेटत्या वातीच्या) बंदुका होत्या, गाड्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधून त्यांच्या आडून त्यानं मारा केला आणि इब्राहिम लोदीकडे त्याला उत्तर नव्हतं. मान्य. पण भारत म्हणजे फक्त दिल्ली-आग्रा का हो? 1472 च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावाननं बेळगावला वेढा घातला तेव्हा सुरुंग खणून दारूनं तट उडवला, म्हणजे पानिपताच्या पन्नास वर्षं आधी आणि तेही आपल्या शेजारी. 1508 ला आपल्या अलिबागजवळच्या चौलला पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातचं आरमार भिडलं, त्यात पोर्तुगीज व्हाईसरॉयचा मुलगा लोरेन्सो तोफगोळा लागून मेला. हे आपल्याच किनाऱ्यावर, बाबर काबूलला असताना. 1510 ला पोर्तुगीज आल्बुकर्कनं गोवा घेतलं तर तिथे बंदुका करणारे कारागीर आयतेच होते, आणि त्यांचं काम युरोपातल्या चांगल्या कारागिरांच्या तोडीचं आहे असं त्यानं आपल्या राजाला कळवलं. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर आणि दख्खनमधे दारू, तोफ, बंदूक हे तिन्ही बाबराच्या आधीपासून होतं. उत्तरेत मैदानी लढाईत बाबरानं ते सगळं एकत्र नीट वापरून दाखवलं, एवढं श्रेय त्याला द्या, त्यापुढे नको.

आता पाच मिनिटांचं. ज्यानं हे लिहिलं त्यानं ठासणीची बंदूक कधी भरताना बघितलेली नाही हे नक्की. कोकणात ज्यांचं गाव आहे त्यांना वेगळं सांगायला नको, रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवर आजही ठासणीच्या बंदुका आहेत, डुकरं आणि माकडं बागेत शिरतात म्हणून, आणि दर निवडणुकीला त्या पोलीस स्टेशनला जमा करायच्या म्हणून लोक वैतागलेले पण असतात. आमच्या वाडीत एक आजोबा होते त्यांच्याकडे अशी होती. दारू मापानं नळीत ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजानं दोन-तीन ठोके, मग छर्रे, परत बोळा, परत गज, आणि मागे निपलवर कॅप (ठिणगी पाडणारी टिकली). तोंडानं गावच्या भानगडी चालूच असायच्या आणि हात आपोआप चालायचे, गोष्ट संपायच्या आत बंदूक तयार. एक मिनिट पण नाही. तोड्याच्या बंदुकीला यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो कारण पेटता तोडा सांभाळायचा, नळीच्या कडेच्या वाटीत रंजक (बार पेटवायची दारू) टाकायची, तोडा फुंकून निखारा लाल करायचा, तरी सराव झालेला माणूस मिनिटाला एखादा बार काढायचा. इंग्रजांची ती प्रसिद्ध ब्राऊन बेस (चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीनं पेटणारी बंदूक) शिकवलेला शिपाई मिनिटाला तीन वेळा झाडायचा. तीनास एक, हा फरक मोठाच आहे, पण पाच मिनिटं ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यातली.

आणि ‘करता आली नाही’ हे तर साफ खोटं. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यात चकमकीच्या बंदुका बनत होत्या, कळीला (बार उडवणाऱ्या यंत्राला) वाघाचा आकार दिलेला, सालाच्या खुणेसकट, आणि त्या आज जगभरच्या म्युझियममधे आहेत. महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला तोफा आणि बंदुका दोन्ही तयार व्हायच्या. मग तोडा एवढी वर्षं का टिकला? कारण तो स्वस्त आणि न कुरकुरता चालणारा होता. चकमकीच्या बंदुकीत घोडा जोरानं आपटायला चांगल्या पोलादाची स्प्रिंग लागते, ती तुटली तर गावातला लोहार काही करू शकत नाही, आणि गार तरी साधी चालत नाही, इंग्रज त्यांची गार सफकमधल्या ब्रँडन गावाहून आणायचे, शिवाय पंचवीस-तीस बार झाले की ती बोथट होते, मग बदला. तोड्याला काय लागतं, सुताची दोरी आणि सोरा. पावसात मात्र दोन्हींची बोंब, म्हणून तर दसऱ्यापर्यंत मोहिमा निघायच्या नाहीत (एकच कारण नव्हे, चारा-पाणी, नद्या वगैरे होतंच).

म्युझियममधे जाल तेव्हा तोड्याच्या बंदुकीच्या नळीकडे जरा वाकून, तिरप्या उजेडात बघा. सीएसएमटीपासून चालत जाता येईल अशा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, पुण्याला राजा केळकर म्युझियम आहे, पार लंडनला जायला नको. चांगल्या नळीवर पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा दिसतात. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळायच्या, त्यांचं वेटोळं करायचं, तापवून ठोकून एकजीव करायचं आणि मग आतून भोक साफ करायचं, त्याच्या त्या रेषा. अशी नळी सरळ पत्रा गुंडाळून जोडलेल्या नळीपेक्षा फुटायला अवघड, कारण जोड लांबीत सरळ जात नाही, गोल फिरतो. ज्या लोकांना हे जमत होतं त्यांना ‘बंदूक करता आली नाही’ म्हणायला जीभ कशी उचलते कळत नाही. आणि उलट दिशेची एक गंमत, फॉरवर्डवाल्यांना ही माहीत असण्याची शक्यता शून्य: ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानातल्या फौजेसाठी एक आखूड, सोपी, स्वस्त बंदूक ठरवली होती, 39 इंची नळीची. फ्रान्सशी लढाई पेटल्यावर 1790 च्या दशकात ब्रिटिश सरकारला बंदुका पुरेनात तेव्हा त्यांनी कंपनीच्याच बंदुका उचलल्या आणि पुढे तेच मॉडेल स्वतःच्या फौजेला दिलं. नाव ‘इंडिया पॅटर्न’. नेपोलियनशी लढलेला इंग्रज शिपाई बहुतेक वेळा ही घेऊन उभा होता.

मराठे फक्त तलवारीवर लढले, हा मुद्दा ठाण्यात बसून फॉरवर्ड करणाऱ्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं. आपल्या गावातला किल्ला, हो तोच जिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे, पोर्तुगीज बांधत होते आणि काम पुरं व्हायच्या आत 1737 ला मराठ्यांनी तो घेतला. मग दोन वर्षांनी वसई, मे 1739. चिमाजी आप्पांनी वसई कशी घेतली? नुसत्या तलवारीनं दगडी तट पडतो का? तोफांचा भडिमार, आणि सॅन सेबॅस्तियन बुरुजाखाली खणून घातलेले सुरुंग. पहिले काही फसले, माणसं दगावली, परत खणले, शेवटी बुरुज फुटला. हे बंदुकीच्या दारूचं युद्ध नाही तर काय आहे? लोकलनं नायगाव-वसईला उतरून तो तट अजून बघता येतो.

त्याआधीचं घ्या. 1660 ला पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज तोफ आणि गोळे घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेले, स्वतःचा झेंडा लावून त्यांनी गडावर मारा केला. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत घातलं. तोफेची किंमत न कळणारा राजा असं करत नाही. महाराजांनी फ्रेंचांकडून तोफा विकत घेतल्या. कोकणातले हेटकरी हे तर तोड्याच्या बंदुकीचे नेमबाज म्हणूनच नावाजलेले होते, गडाच्या शिबंदीत त्यांना मान. पुढे संताजी घोरपड्यांच्या फौजेत कर्नाटकी बंदूकवाले प्यादे होते, 1696 ला औरंगजेबाचा सरदार हिंमतखान त्यांच्याच गोळीनं पडला. आणि रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रं वाचा, गडावर दारूखाना राहत्या घरांजवळ नको, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात सुकवावी, असल्या बारीकसारीक सूचना आहेत त्यात. दारू दमट होते आणि दमट दारू ऐन वेळी दगा देते हे अनुभवानं माहीत असलेल्या माणसाचं ते लिखाण आहे. गनिमी कावा म्हणजे डोंगरातून तलवार उपसून धावत येणं ही टीव्ही सीरियलची देणगी, तिथे धूर दाखवायला खर्च होतो बहुतेक.

1761 च्या पानिपताला इब्राहिमखान गारद्याचे आठ-नऊ हजार बंदूकवाले कवायती प्यादे होते, त्यांनी रोहिल्यांची काय दशा केली ते सर्वांना माहीत आहे, म्हणजे असायला हवं.

आता चौथा, ‘म्हणून आपण हरलो’. सगळ्या फॉरवर्डचा जीव इथे आहे, बाकीचे मुद्दे याच्यासाठी रचलेत. म्हणून इथे जरा थांबतो.

23 सप्टेंबर 1803, असई, आताच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, हाच पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि गोलंदाज जागेवरच मरेपर्यंत तोफा सोडत नव्हते. इंग्रज जिंकले, पण त्यांचे सोळाशेच्या आसपास मेले-जखमी झाले, लढलेल्या फौजेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. 98 तोफा त्यांच्या हाती लागल्या आणि त्यांचा दर्जा आपल्या फौजेत वापरण्याइतका चांगला असल्याचं खुद्द वेलस्लीचं मत होतं. मग हरलो का? लढाईच्या आधी कंपनीनं जाहीर केलं की शिंद्यांच्या नोकरीतले जे इंग्रज अधिकारी इकडे येतील त्यांची सोय लावू, आणि कवायती पलटणींवरचे कितीतरी अधिकारी ऐन वेळी निघून गेले. पलटण आहे, तोफ आहे, हुकूम देणारा माणूसच गेला. त्यात सरदारांची आपापसातली भांडणं, होळकर बाजूलाच. आणि शिपायाच्या पगाराचं म्हणाल तर कंपनीचा शिपाई महिन्याच्या महिन्याला पैसे घेत होता कारण तिच्या हाती बंगालचा महसूल होता आणि सावकार तिला कर्ज द्यायला तयार होते, आपल्याकडे पलटणी थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या दारात धरणं धरून बसायच्या. हे सगळं काचेच्या पेटीत ठेवता येत नाही, बंदूक ठेवता येते, म्हणून बघणाऱ्याला वाटतं सगळा दोष बंदुकीचाच.

बंदूक कमी पडली ती नंतर, आणि ती पाडली गेली. हे तर म्युझियममधे नुसत्या ओळीनं लावलेल्या बंदुकांतूनच दिसतं, फक्त पाट्यांवरची सालं नीट वाचायची. 1857 नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींकडून आटे (नळीच्या आतल्या फिरत्या खाचा) असलेल्या रायफली काढून घेतल्या आणि बाहेरून तशाच दिसणाऱ्या पण आतून गुळगुळीत नळीच्या मस्केट दिल्या. आटे नसले की गोळी फिरत जात नाही, शंभर पावलांपुढे नेम देवाच्या भरवशावर. डोंगरी तोफखाना सोडला तर हिंदी माणसाला तोफेजवळ उभं करायचंच बंद केलं. मग गोऱ्या शिपायाला मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा आपल्याला त्याची उतरलेली स्नायडर, त्याला थ्री नॉट थ्री मिळाली तेव्हा आपल्याला मार्टिनी. कायम एक पायरी खाली, ठरवून. 1878 ला आर्म्स ॲक्ट आला, हिंदी माणसाला लायसन्सशिवाय बंदूक बंद आणि युरोपियनांना सूट. (कूर्गच्या कोडवांना मात्र ब्रिटिश काळापासून सूट आहे, आजही.) म्हणजे ज्या देशात गावोगाव बंदुकी होत्या तो देश कायद्यानं रिकामा केला, आणि आता त्याच देशातले लोक एकमेकांना पाठवतायत की आपल्याकडे बंदुका नव्हत्याच!

पुढे. एनफिल्ड म्हणजेच थ्री नॉट थ्री. घोळ कुठे झालाय ते समजतं, एनफिल्ड हे लंडनजवळच्या गावाचं नाव, तिथे सरकारी बंदूक कारखाना, म्हणून तिथून निघालेल्या बऱ्याच बंदुकांना ते नाव चिकटलंय. (बुलेटवाल्यांनो, तुमच्या गाडीचं नाव पण तिथूनच, ती कंपनी या कारखान्याला सुटे भाग पुरवायची.) पण 1857 ची एनफिल्ड ही 1853 चं मॉडेल. ज्या वर्षी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली ना, त्याच वर्षाची. ती तोंडानं भरायची, कागदी काडतूस फाडून दारू नळीत ओतायची, गोळी गजानं ठासायची, कॅप लावायची. नळीचं भोक .577 इंच. थ्री नॉट थ्री .303 इंचाची, पितळी काडतुसाची, बोल्ट मागे ओढून भरायची, मॅगझीनमधे दहा गोळ्या. ते काडतूस 1888 चं, ली या संशोधकाची बोल्टची यंत्रणा आणि एनफिल्डचे आटे एकत्र आले 1895 ला, आणि आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणून ओळखतो ती तोंडाशी चपटी आखूड रायफल विसाव्या शतकातली. दोघींत अर्ध शतक आणि दोन पिढ्या बंदुका आहेत.

फॉरवर्डमधे ‘1857 ची एनफिल्ड’ म्हणून जो तिसरा फोटो टाकलाय तो मोठा करून बघा. चापाच्या पुढे खाली चौकोनी डबी लोंबतेय, ती मॅगझीन. उजव्या हाताला गोल मुठीचा दांडा, तो बोल्ट. पुढचं टोक कापल्यासारखं सपाट, त्यावर संगीन अडकवायची छोटी गोळी. मंगल पांडेनं असली बंदूक बघितली असती तर चरबीचा प्रश्नच नव्हता, तोंडानं फाडायला कागदच नाही तिला! आणि एक, 1857 ला उठलेल्या बहुतेक शिपायांच्या हातात एनफिल्ड नव्हतीच. ती नुकती आलेली, डमडम, अंबाला, सियालकोट इथल्या केंद्रांवर शिकवायला सुरुवात झालेली, त्यामुळे भडका उडाला तिच्या काडतुसावरून पण लढले ते जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांनी, आणि समोरच्या गोऱ्या पलटणींकडे एनफिल्ड. बघा, इथे बंदुकीचा फरक खरंच पडला होता, नेमका हाच फॉरवर्डवाल्यांना सापडला नाही.

26/11 ला सीएसटीवर काही जवानांकडे थ्री नॉट थ्री होत्या आणि समोर एके होत्या, हे खरं आहे आणि त्याचा राग यायलाच हवा. पण त्या दीडशे वर्षं जुन्या नव्हत्या. आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात ही रायफल स्वातंत्र्यानंतरही बनत होती. बटाच्या (लाकडी दस्त्याच्या) पुढे बोल्टखाली जो लोखंडी पट्टा असतो त्यावर शिक्का बघा: मुकुट आणि जी.आर.आय. असेल तर राजाच्या काळातली, अशोकाचे सिंह असतील तर आपली. 1962 नंतर तर इशापूरनं हीच यंत्रणा घेऊन 7.62 मिलिमीटरच्या काडतुसाची रायफल काढली, ती दिसायला जवळजवळ तशीच पण मॅगझीन जास्त चौकोनी, तिलाही लोक सरसकट थ्री नॉट थ्री म्हणतात. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला रीतसर निरोप दिला तो 26 जानेवारी 2020 च्या परेडमधे. जुनाट होती म्हणा, बदलायला उशीर झाला म्हणा, मी पण तुमच्या बरोबर म्हणेन, 1857 म्हणू नका.

याच घराण्यातली अजून एक आहे, म्युझियममधे लोक तिच्यासमोरून न थांबता जातात. बाहेरून अगदी थ्री नॉट थ्री, पण नळी आतून गुळगुळीत, .410 ची, आणि मॅगझीन बंद केलेलं, एका वेळी एकच काडतूस. पोलीस आणि जेलच्या पहाऱ्यासाठी ब्रिटिश काळात इशापूरला मुद्दाम अशा करून घेतल्या, म्हणजे कुणी हिसकावून नेली तरी फौजेची गोळी तिच्यात चालायला नको आणि भराभर झाडता यायला नको. शिपायाच्या हातात द्यायची पण अर्धीच द्यायची. वर आर्म्स ॲक्टचं जे म्हटलं तेच धोरण, इथे हातात धरता येईल असं.

दोन मैल आणि दहा माणसं. दहा माणसं सोडून द्या, त्यावर शब्द घालवणार नाही. दोन मैल कुठून आले त्याचा माझा अंदाज असा की मागच्या साइटवर (नेम धरायच्या पट्टीवर) 2000 यार्डांपर्यंत आकडे कोरलेले असतात, आणि जुन्या मॉडेलवर डाव्या बाजूला लाकडावर अजून एक छोटी तबकडी असते ती त्याच्याही पुढच्या अंतरासाठी. ती तबकडी एकट्या माणसाच्या नेमासाठी नव्हतीच. पन्नास-शंभर जणांनी एकदम लांबच्या जमावावर, घोडदळाच्या तळावर गोळ्यांचा पाऊस पाडायचा, लागेल त्याला लागेल, यासाठी होती, आणि पहिल्या महायुद्धात ती काढूनच टाकली. इशापूरनं 7.62 वाली काढली त्यानंतर तिची साइट 800 मीटरवर आणून ठेवली, कारण उघड्या डोळ्यानं त्यापुढे माणूस दिसतो तरी का? आणि हो, 303 मीटर रेंज म्हणून 303 असं एका वहिनींनी खाली कमेंटमधे लिहिलंय, नाही वहिनी, नळीच्या भोकाची रुंदी ती, इंचात, म्हणजे 7.7 मिलिमीटर.

पुढच्या लाकडावर तार घट्ट गुंडाळलेली थ्री नॉट थ्री दिसली तर ती मोडून बांधलेली समजू नका. तोंडाला कप लावून हातबॉम्ब फेकायला वापरायचे तिला, त्या धक्क्यानं लाकूड फुटू नये म्हणून तार.

राहिलं सातवं. खऱ्या लंडनला गेल्या यात तथ्य आहे. 1799 ला श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूच्या शस्त्रांची जी लूट झाली ती आज इंग्लंडमधल्या राजवाड्यांत आणि गढ्यांत आहे, ती परत मागण्याबद्दल कुणी सह्या गोळा करत असेल तर माझी घ्या. पण इथे उरलेल्या नकली हे कोण म्हणतं? तोड्याच्या बंदुका संस्थानांच्या शस्त्रागारात ढिगानं होत्या, त्यातल्याच म्युझियममधे आल्या. नकली माल असतो तो बाजारात, जुन्या वस्तूंच्या दुकानात ‘टॉवर’ असा जुना इंग्रजी सरकारी ठसा आणि मुकुट मारलेल्या मस्केट मिळतात त्यातल्या कितीतरी अलीकडे ठोकून, मुद्दाम गंजवून केलेल्या. ठशातली अक्षरं वाकडी असतील, स्क्रूंच्या खाचा एकदम नव्या असतील तर खिशात हात घालू नका.

आणि भरलेल्या बंदुकीबद्दल. ठासणीची जुनी बंदूक भरलेल्या अवस्थेत सापडणं ही अफवा नाही, असं होतं, म्हणून जाणकार लोक ती ताब्यात घेतल्यावर पहिलं काम हेच करतात. लाकडाची सरळ काठी तोंडातून हलकेच आत सोडायची, जिथे टेकेल तिथे तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून बघायची. मागच्या भोकापर्यंत पोचली तर रिकामी, चार-पाच बोटं कमी पडली तर आत काहीतरी आहे. म्युझियमच्या पेटीतली बंदूक या तपासातून गेलेली असते, तिथे मुलांना खुशाल काचेला नाक लावू द्या. भीती असलीच तर ती गावाला माळ्यावर पडलेल्या पणजोबांच्या बंदुकीची, कारण काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. गणपतीत घर साफ करताना अशी काही हाती लागली तर घोडा मागे ओढून बघायचा नाही, तोंड कुणाकडे करायचं नाही, फोटोसाठी खांद्याला लावायची नाही, होती तिथेच राहू द्यायची आणि पोलीस पाटलाला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं, काठीचा प्रयोगसुद्धा तुम्ही करायचा नाही, ते येऊन करतील.